तिसरा प्लग

नोकरी गेल्यापासून घरातली एकही वस्तू मी दुरुस्तीला बाहेर दिली नव्हती. मिक्सर, पाण्याची मोटर, शेजाऱ्यांचा पंखा, सगळं मीच उघडायचो आणि मीच जोडायचो. सीमेपलीकडे, गुजरातच्या हद्दीतल्या एका कारखान्यात मी चोवीस वर्षं उपकरणं सांभाळली. टाकीतला दाब किती, तापमान किती, हे सांगणारी यंत्रं चुकीचं दाखवू लागली की मला बोलावणं यायचं. मग मालकांनी ते युनिटच बंद केलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोणी घेईना. तेव्हापासून बायको सकाळी शाळेत जायची आणि मी कुकर लावून घरात काय बिघडलंय ते शोधत फिरायचो.

बायको प्राथमिक शिक्षिका. तिची शाळा तलासरीच्या पुढे, उधव्याच्या अंगाला एका पाड्यावर. आमचं घर मसोलीत. एसटीने जायचं तर दोनदा गाडी बदलायची आणि वर चालायचं, म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही तीन सिलिंडरची एक छोटी पेट्रोल गाडी घेतली होती. ती चालवायला बायको शिकली आणि माझ्यापेक्षा चांगली शिकली. वाटेत घोलवडला तिच्याच शाळेतल्या एक बाई गाडीत बसायच्या. वयाने मोठ्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. बोर्डी, झरी करत दोघी तलासरीला पोचायच्या आणि तिथून पुढे चढउतारांच्या रस्त्याला लागायच्या.

थंडीच्या दिवसांतल्या एका रविवारी मी गाडीचे स्पार्क प्लग बदलायला घेतले. काम अवघड नाही. सिलिंडरमधलं पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते, ती प्लग देतो. तीन सिलिंडर, तीन प्लग. वरची, प्लगला वीज पुरवणारी कॉइल काढायची, जुना प्लग सोडवायचा, नवा आधी हाताने फिरवत बसवायचा आणि मग पान्याने आवळायचा. त्याच बैठकीत थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, तीही साफ करायची ठरवली होती. मोबाइलवर दोन-तीनदा बघून ठेवलं होतं. घरासमोरच्या कोब्यावर गोणपाट अंथरलं आणि बसलो.

दोन प्लग लागले. तिसरा खोक्यातून काढताना तेलकट बोटांतून निसटला, कोब्यावर आपटला आणि घरंगळत पायरीपाशी जाऊन थांबला.

मी तो उचलला. टोकाची फट थोडी दबली होती, ती मापून पुन्हा नीट केली. चिनी मातीचा पांढरा भाग चिंधीने पुसून उन्हात फिरवून पाहिला. काही दिसलं नाही. पण पडलेला प्लग लावायचा नसतो. डोळ्यांना न दिसणारा तडा जातो आणि तो इंजिनावर जोर आला की मगच आपले गुण दाखवतो. हे मला पक्कं माहीत होतं. कारखान्यात हाताखालच्या लोकांना मी स्वतः बजावायचो की पडलेलं उपकरण लाइनवर चढवायचं नाही, ते टेबलावर खरं बोलतं आणि टाकीवर खोटं.

दुपारची वेळ, रविवार, स्पेअर पार्टचं दुकान बंद. सोमवारी सकाळी तिला गाडी हवी होती. आणि खरं सांगायचं तर ती दारात चहाचा कप घेऊन उभी होती.

"झालं का?" तिने विचारलं.

"हा काय, शेवटचाच," मी म्हणालो आणि लावला.

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. इतकी शांत की तिने वाकून विचारलं, "चालू आहे ना?" त्या संध्याकाळी तिने तिच्या बहिणीला फोनवर सांगितलेलं मी आतून ऐकलं, "नाही गं, गॅरेज कशाला, ह्यांनीच केलं सगळं." नोकरी गेल्यापासूनच्या दीड वर्षात माझ्याबद्दल असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी ती आली आणि पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, गाडी चढावर अडखळतेय. उधव्याच्या रस्त्याला दोन-तीनदा गचके दिले."

मी लगेच चावी घेऊन निघालो. मसोली नाक्यापर्यंत गेलो, वळून आलो. इकडे सगळा सपाट रस्ता. गाडी नीट चालली. मी परत येऊन सांगितलं, "काही नाही. नवे प्लग आहेत, बसायला थोडा वेळ लागतो." प्लग बसायला वेळ लागत नाही. हे वाक्य मी कुठून आणलं मला आजही सांगता येणार नाही.

मंगळवारी ती म्हणाली, चढावर जोर दिला की पिवळा दिवा लुकलुकतो. इंजिनाचं चित्र असलेला दिवा. तो लुकलुकतो तेव्हा गाडी सांगत असते की एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये. कारखान्यात एखाद्या ऑपरेटरने असा दिवा दुर्लक्षित केला असता तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. घरी मी बॅटरीची तार काढली, दहा मिनिटांनी परत लावली. दिवा विझला. त्याबरोबर गाडीच्या संगणकात काय नोंदलं गेलं होतं तेही पुसलं गेलं. "हे बघ, गेला," मी तिला दाखवलं.

मग मी शोध सुरू केला. म्हणजे मी त्याला शोध म्हणत होतो. बुधवारी ती आल्यावर थ्रॉटल बॉडी पुन्हा उघडली, पुन्हा साफ केली. हवेची नळी कुठे सैल राहिलीय का पाहिलं. एअर फिल्टर काढून झटकला. पेट्रोलमध्ये पाणी आलं असेल असं म्हणून दुसऱ्या पंपावर जाऊन टाकी भरली. कॉइल्सच्या वायरी हलवून पाहिल्या. प्रत्येक गोष्ट तपासताना मी वहीत लिहीत होतो, सवयीप्रमाणे, तारीख टाकून. त्या वहीत सगळं आहे. प्लग नाहीत.

बुधवारी जेवताना ती म्हणाली, "बाई म्हणत होत्या, डहाणूला स्टेशनजवळच्या गॅरेजात एकदा दाखवा. त्यांच्या मुलाची गाडी तिथेच असते."

"तो काय वेगळं करणार आहे? मशीन लावेल आणि मी सांगतोय तेच सांगेल."

"तुम्ही काय सांगताय?"

मी भात कालवत होतो. वर न बघता म्हणालो, "तू चढावर क्लच अर्धा दाबून ठेवतेस. पहिल्यापासून सवय आहे तुझी. जोर कसा मिळणार गाडीला?"

आठ वर्षं ती त्या रस्त्याने जात होती. पावसात, धुक्यात, दरडी कोसळलेल्या असताना. एकदाही गाडी कुठे घासली नव्हती. तिने ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. गुरुवारी सकाळी निघताना मात्र तिने खिडकीतून विचारलं, "म्हणजे पाय पूर्ण काढायचा का क्लचवरून? चढावरसुद्धा?" मी म्हणालो, "हो, पूर्ण."

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास तिचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. "आम्ही तलासरीला दवाखान्यात आहोत. मला काही झालेलं नाही. बाईंचा हात मोडलाय. तुम्ही या."

शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन मी निघालो. घोलवड कधी गेलं, झरी कधी गेलं मला कळलं नाही.

घडलं होतं ते असं. शाळा सुटल्यावर दोघी निघाल्या. उधव्याकडून तलासरीला येताना एक मोठा चढ आहे, वळणावरचा. तिथे गाडीने गचके द्यायला सुरुवात केली. बायकोने माझं ऐकून क्लचवरून पाय पूर्ण काढला, ॲक्सिलरेटर दाबला, आणि ऐन वळणावर इंजिन बंद पडलं. गाडी मागे सरकू लागली. इंजिन बंद पडल्यावर ब्रेक जड होतो, दोनदा दाबला की तिसऱ्यांदा दगडासारखा लागतो. तिला वाटलं ब्रेकही गेला. हँडब्रेक ओढेपर्यंत गाडीचं मागचं चाक रस्त्याकडेच्या चरात उतरलं होतं आणि गाडी एका अंगाला कलली. बाई त्या दिवशी वह्यांचे गठ्ठे घेऊन मागच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी सावरायला हात टेकला आणि सगळा भार त्या हातावर आला. मागून पेंढ्याने भरलेला एक टेम्पो येत होता, तो सात-आठ हातांवर थांबला.

जवळच्या पाड्यातली माणसं धावत आली. एका माणसाने खांद्यावरचा टॉवेल काढून बाईंचा हात फळीच्या तुकड्याला बांधला, टेम्पोवाल्याला पुढच्या सीटवर जागा करायला लावली आणि दोघींना तलासरीला पाठवलं. मग सगळ्यांनी मिळून गाडी चरातून उचलून त्या टॉवेलवाल्याच्या अंगणात लावली.

मी पोचलो तेव्हा बाईंच्या उजव्या मनगटाला प्लास्टर चढत होतं. बाहेर बाकावर बायको बसली होती. तिच्या साडीला चिखल होता. मला पाहून ती उठली आणि तिने जे म्हटलं ते मी विसरू शकत नाही.

"तुम्ही सांगत होतात, मीच नीट ऐकलं नाही. क्लचचं चुकलंच माझं काहीतरी."

तिथे, त्या बाकासमोर, मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, "असू दे. आधी बाईंना घरी पोचवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी डहाणूच्या बाजारात उभा होतो. नवे तीन प्लग घेतले. म्हणजे मला माहीत होतं. ते खिशात, पाना पिशवीत घालून एसटीने तलासरीला गेलो, तिथून शेअर जीपने त्या चढापर्यंत. टॉवेलवाला माणूस घरीच होता. त्याच्या बायकोने ओट्यावर पाणी आणून ठेवलं. नाचणीची भाकरी भाजल्याचा वास येत होता. गाडीचा मागचा बंपर चेपला होता, बाकी काही नव्हतं.

मी बॉनेट उघडलं. तीन कॉइल समोर होत्या. काही तपासायचं असेल तर माणूस एका टोकापासून सुरुवात करतो. चोवीस वर्षं मी असंच केलं, आणि गेल्या आठवड्याच्या वहीतही सगळं क्रमाने होतं. त्या अंगणात माझा हात पहिल्या दोघांना न शिवता सरळ तिसऱ्या कॉइलवर गेला.

प्लग बाहेर काढला. पांढऱ्या चिनी मातीवर वरून खालपर्यंत पेन्सिलीने ओढावी तशी करडी रेघ होती. तड्यातून ठिणगी बाहेर निसटत होती, ती जळून उमटलेली रेघ.

तो माणूस माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. "मिलला का दुखना?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"काय झाला होता?"

"हा पडला होता माझ्या हातातून. लावायला नको होता. लावला."

त्याने प्लग हातात घेतला, रेघेवरून नख फिरवलं. मग चढाकडे बघत म्हणाला, "बाई रडत नव्हती. तुमची. दुसऱ्या बाईचा हात धरून बसली होती, रडली नाय." एवढं बोलून त्याने प्लग परत माझ्या हातात दिला.

मी तिन्ही नवे प्लग लावले. त्या चढावर गाडी खाली नेली आणि वर आणली, दोनदा. एकही गचका नाही. अर्ध्या तासाचं काम होतं.

आता सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नाही. त्या अनोळखी माणसाला मी सहज बोलून गेलो होतो, पण घरी आल्यावर म्हणालो, "गाडी झाली ठीक. प्लग बदलले." तिने मान हलवली. कोणते, का, काही विचारलं नाही. चावी मी नेहमीच्या खिळ्याला टांगली. सोमवारी तिने ती घेतली नाही. पहाटे उठून एसटीला गेली. मंगळवारीही. बुधवारी ती घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती, पाय सुजले होते. मी म्हणालो, "अगं, गाडी आहे ना."

"मला नाही जमायचं आता," ती म्हणाली. "बाईंच्या हाताकडे बघवत नाही. वर्गात त्यांना खडू धरता येत नाही. डाव्या हाताने हजेरी मांडतात आणि मलाच म्हणतात, तू वाईट वाटून घेऊ नकोस. आज मी त्यांना सांगितलं, हे मला क्लचचं सांगत होते, मीच धांदरट."

मी गॅसवर दूध ठेवलं होतं. गॅस बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिला सगळं सांगितलं. प्लग पडल्यापासून. दिवा विझवला तेही. वहीत प्लग नाहीत तेही.

तिने सुजलेल्या पायांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "सोमवारीच माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. शंका होती."

"शंका होती तर शंका सांगायची. मला क्लच सांगितलात."

मी माफी मागितली. मी बोलत असतानाच ती उठली होती. बाथरूममध्ये जाऊन तिने पाय धुतले, आणि बाहेर येऊन टॉवेलने पुसता पुसता म्हणाली, "बाईंना तुम्ही सांगायचं. मी येईन बरोबर, पण बोलणार नाही."

रविवारी आम्ही घोलवडला गेलो, एसटीने. बाईंच्या घरामागे चिकूची वाडी आहे. तोडणी चालू होती, ओट्यावर खोकी रचलेली होती, आणि बाई एका हाताने चिकूंचे देठ तपासून बाजूला करत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी आतून खुर्च्या मागवल्या. बायको एका खुर्चीवर बसली आणि तिने मांडीवर पर्स घट्ट धरली. मी उभ्यानेच सांगितलं. बाई हातातला चिकू खाली ठेवून ऐकत होत्या.

मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. राग आला नाही असं मी म्हणणार नाही. रात्री कूस बदलता येत नाही मला. केस विंचरायला सून लागते." मग त्या बायकोकडे वळल्या. "आणि तू कशाला गं मला आठवडाभर माझं चुकलं, माझं चुकलं म्हणत होतीस? मी मागे बसून बघत नव्हते का? दुसरं कोणी असतं तर गाडी दरीत असती."

तेव्हा बायको रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बाईंनी डाव्या हाताने तिची पाठ चोळली. मी खोक्यांकडे बघत उभा राहिलो.

निघताना मी म्हणालो, "प्लास्टर निघेपर्यंत मी रोज सोडत जाईन तुम्हाला शाळेत. गाडी आता नीट आहे."

"नको," बाई म्हणाल्या. आवाजात चीड नव्हती. "ही चालवणार असेल तर बसेन. तिला केव्हा वाटेल तेव्हा."

तिला वाटायला जवळजवळ महिना लागला. पण आधी तिने एक गोष्ट केली. एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती एसटीतून उतरून घरी आली, चावी घेतली आणि गाडी स्टेशनजवळच्या गॅरेजात घेऊन गेली. मला ये म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. मी मागोमाग चालत गेलो. गॅरेजवाला गुजराती, आमच्याशी मराठी, कामगारांशी हिंदी. त्याने मशीन लावलं, गाडी उचलून खालून पाहिली, ब्रेक तपासले. बायको प्रत्येक गोष्ट विचारत होती, हे काय, हे कशासाठी, हे किती दिवस टिकतं. मला त्यातलं सगळं येत होतं. मी टायरच्या ढिगापाशी उभा होतो आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. शेवटी गॅरेजवाल्याने विचारलं, "प्लग कोणी बसवले? चांगले बसवलेत." बायको म्हणाली, "घरीच." आणि तिने पैसे द्यायला पर्स उघडली.

बाईंचं प्लास्टर निघाल्याला आता बरेच महिने झाले. मनगट पूर्ण वळत नाही. फळ्यावर लिहिताना त्या कोपरातून हात उचलतात, असं बायको सांगते. त्या पुन्हा घोलवडला गाडीत बसतात, आता पुढच्याच सीटवर. मला एका छोट्या कंपनीत आठवड्यातून तीन दिवस काम मिळालंय, बॉयलरवरची उपकरणं तपासायचं. तिथे एखादी गोष्ट मला कळली नाही की मी तशी सांगतो, आणि तरुण इंजिनियर माझ्याकडे जरा संशयाने बघतात.

घरी मात्र गाडीचं बोलणं बंद झालं आहे. पूर्वी ती आली की सांगायची, आज डाव्या चाकातून आवाज येत होता, आज वायपर अडकला. आता मी विचारलं, "गाडी कशी आहे?" तर म्हणते, "बरी आहे." परवा परातीत पीठ मळता मळता तिने आपणहून विचारलं, "वळताना स्टिअरिंग खालून कट्ट वाजतं, ते काय असतं हो?"

मी म्हणालो, "दोन-तीन गोष्टी असू शकतात. नक्की मला नाही सांगता येणार. गॅरेजात दाखव."

"बरं," ती म्हणाली आणि पिठाला तेलाचा हात लावून झाकून ठेवलं.